कऱ्हेची राख, उजनीचा गाळ

मोरगावच्या मयूरेश्वराच्या देवळासमोर नंदी आहे. गणपतीपुढे नंदी कसा, याची गोष्ट गावात कुणीही सांगेल. देवळापासून कऱ्हेचे पात्र लांब नाही, पण दर्शनाला आलेले फारसे कुणी तिकडे वळत नाही. वळले तरी पहिल्या नजरेत तिथे काही दिसत नाही. वर्षातले बरेच महिने नदी आटलेलीच असते. तळाला काळा कातळ उघडा पडलेला, त्यावर गोट्यांचा आणि वाळूचा थर, चुनखडीने घट्ट आवळलेला, आणि त्याच्यावर पिवळसर तपकिरी मातीचा उभा काठ. कडेला वेडी बाभूळ.

या परिसरातल्या काठांमध्ये एके ठिकाणी मातीच्या थरांच्या मध्येच फिकट, राखाडी-पांढरा पट्टा आहे. चिमटीत घेतला तर तो पिठासारखा मऊ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेच्या वाकड्यातिकड्या किरचा दिसतात. ती ज्वालामुखीची राख आहे. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचा, हे शाळेत शिकवतात. पण तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. ही राख त्यातली नाही. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडाली, तीन हजारांहून अधिक किलोमीटर हवेतून आली आणि भारतावर पसरली. कऱ्हेच्या खोऱ्यात पडलेली राख पावसाने ओढ्या-ओघळींतून गोळा केली, नदीने ती संथ पाण्याच्या जागी खाली ठेवली आणि वरून माती घातली. पुण्याचे विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज इथल्या अभ्यासकांनी मोरगावची ही राख १९९३ साली जगापुढे मांडली. त्याआधी जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी इथे अशीच राख सापडलेली होती.

उपग्रहांवरच्या लेखाची सुरुवात मी नदीच्या काठापासून करतो आहे, त्याला कारण आहे. गेली काही वर्षे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची आकाशातून घेतलेली चित्रे मी पुन्हा पुन्हा पाहतो. सरकारच्या ‘भुवन’वरची, अमेरिकेच्या लँडसॅटची, युरोपच्या सेंटिनेलची. ही चित्रे आज कुणालाही फुकट पाहता येतात. त्यांत जमीन इतकी उघडी दिसते की माणसाला वाटावे, आता पायी हिंडायचे काय कारण? पण चित्रात राखेचा तो पट्टा दिसत नाही, कधीच दिसणार नाही. तो उभ्या काठात आहे आणि उपग्रह वरून पाहतो. नदीने काय, कुठे आणि किती ठेवले हे आकाशातून कळते. कधी ठेवले हे विचारायला काठापाशीच यावे लागते. या दोन तालुक्यांत दोन्ही गोष्टी एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात: कऱ्हेकाठी लाखो नाहीतर हजारो वर्षांचा गाळ, आणि इंदापूरच्या उत्तर अंगाला, उजनीच्या फुगवट्यात, माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत साठलेला गाळ.

आधी वरून पाहू.

एप्रिलातले चित्र घ्यावे. आकाश निरभ्र, खरीप-रब्बी दोन्ही निघालेली. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो आणि हिरवे पान तो प्रकाश जोराने परत फेकते. म्हणून चित्र रंगवताना अवरक्ताला लाल रंग देण्याची रीत आहे. हिरवे शेत चित्रात लाल दिसते. अशा चित्रात बारामती तालुका दोन वेगवेगळ्या देशांसारखा दिसतो. दक्षिणेला नीरेच्या अंगाने लालभडक पट्टा, उसाचा. त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी. ती कड म्हणजे नीरा डावा कालवा, १८८५ सालचा. कालव्याच्या खालचे बागायत, वरचे जिरायत. उत्तरेला सुपे-मोरगावच्या बाजूला चित्र करडे, विटकरी, मळकट पिवळे. तिथेच सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे, चिंकारांसाठी राखलेले. गवताळ माळ. पाऊस दोन्हीकडे सारखाच अपुरा, वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावर याच्या दहापट पडतो आणि हे तालुके त्याच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत.

उसाचा रंग कालव्याने आणला, पण मातीची वाटणी कालव्याच्या फार आधीची आहे. दोन खोऱ्यांमधल्या उंच माळावर माती वीतभर, खाली मुरूम. उतारावर मध्यम जमीन. नदीजवळ खोल काळी. शेतकरी हे एका नजरेत सांगतो, त्याची भाषाच तशी आहे: माळ, बरड, हलकी, मध्यम, काळी, चोपण. उपग्रहाला हाच फरक प्रकाशाच्या पटावरून कळतो. मुरूम उजळ, काळी माती अवरक्तातही गडद, चुनखडीची जमीन पांढुरकी. माळावरची माती खाली वाहून गेली म्हणून माळ हलका आणि नदीकाठ भारी. जमिनीची प्रत म्हणजे पाण्याने लाखो वर्षे केलेली ने-आण आहे, आणि सात-बारावरची आकारणीही शेवटी त्याच ने-आणीवर ठरली.

भूमापनाच्या जुन्या नकाशांत बारामती ४७-जे या पत्रकात येते आणि इंदापूर शेजारच्या ४७-एन मध्ये. पंचाहत्तरावे रेखांश या दोघांच्या मधून जाते. त्यामुळे कागदाच्या काळात ज्याला नीरेचा हा सगळा पट्टा एकत्र बघायचा असे त्याला दोन पत्रके जमिनीवर शेजारी अंथरून, कडा जुळवून, गुडघ्यांवर बसावे लागे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अमेरिकी अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले. त्याच्या पोटातून साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढलेला होता, रडारची एक अँटेना यानात आणि दुसरी दांड्याच्या टोकाला. माणसाला दोन डोळ्यांमुळे खोली कळते तशी या दोन अँटेनांमुळे जमिनीची उंची कळली. पृथ्वीच्या बहुतेक जमिनीच्या उंचीचा नकाशा त्यातून निघाला. पुढे इस्रोच्या कार्टोसॅट-१ ने, २००५ मध्ये उडालेल्या, पुढे-मागे झुकलेल्या दोन कॅमेऱ्यांनी भारतापुरते तेच काम केले. आता पत्रकांच्या कडा जुळवाव्या लागत नाहीत.

हा उंचीचा नकाशा उघडला की कऱ्हेबद्दल एक गोष्ट खटकते. नदी लहान आणि खोरे मोठे. उत्तरेला भुलेश्वराची डोंगररांग, तिच्यापासून हळूहळू उतरत येणारे रुंद पठारी उतार, आणि मध्ये ही बारीकशी रेघ. एवढे खोरे कोरायला या नदीला अमाप काळ मिळालेला असला पाहिजे. भीमेचे उलटे. इंदापूरच्या वर ती मोठमोठी वळणे घेत जाते, सपाट मैदानातल्या नदीसारखी, पण कातळात रुतलेली. नदी वळणे घेते ती संथपणी. मग तीच वळणे खाली कापत जावीत, याला पुढे काहीतरी बदलावे लागते.

विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये दख्खनच्या या भागातल्या नद्यांचा गाळाचा इतिहास मांडला, तो उपग्रहांवरून नव्हे, काठांवर हिंडून, थर मोजून, शिंपल्यांचे आणि लाकडाचे वय काढून. शेवटच्या हिमयुगात मोसमी पाऊस कमजोर होता. डोंगरावरून माती सुटत होती, पण ती पुढे ओढून न्यायला नदीत जोर नव्हता. पात्रे भरत गेली, काठ उंच झाले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा जोराचा झाला आणि नद्यांनी आपलाच भराव कापून काढला. मोरगावच्या उभ्या काठासमोर उभे राहून हे वाचावे. दुष्काळात नदी भरते आणि सुकाळात कापते. पुढे काळे यांनी शेजवलकरांबरोबर एंडेव्हरच्या उंचीच्या नकाशावरून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची खोरी मोजली आणि प्रश्न विचारला: पश्चिम किनाऱ्याशी जमीन कुठे जास्त, कुठे कमी अशी उचलली गेल्याचे या आकारांत दिसते का? ठाम पुरावा मिळाला नाही, असे त्यांनी २००८ मध्ये लिहिले. उत्तर ‘नाही’ आले तरी प्रसिद्ध करणारी माणसे मला फार मोलाची वाटतात.

कालव्याकडे परत जायला हवे, कारण त्याने जमिनीत जे घडवले ते नदीच्या वेगाने नव्हे, माणसाच्या आयुष्याच्या मापात घडवले.

१८८५ ला पाणी आले. खोल काळ्या जमिनीत पाणी खाली जिरत नाही, खालची चुनखडी आणि चिकण माती ते धरून ठेवते. पाण्याची पातळी वर चढली, बरोबर खार वर आला. शेते चिबड झाली, मग खारवट, मग चोपण. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे मंडळींच्या काळातल्या मुंबई शेतीखात्याने १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोवर सरकारला या जमिनींची दखल घ्यावी लागली. त्यांनी चालत जाऊन, खड्डे खणून, माती धुऊन क्षार मोजले. आज उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात क्षाराचा पापुद्रा उजळ पांढरा दिसतो, उसाच्या लाल पटात ठिगळासारखा. पण इथेही फसगत आहे. चोपण जमिनीत कधी कधी सेंद्रिय अंश विरघळून वर येतो आणि पांढऱ्याऐवजी काळसर, तेलकट डाग उमटतो. चित्रात तो उत्तम काळ्या मातीसारखा दिसतो. वरून सुपीक, पायाखाली दगड. शेतात उतरून, ढेकूळ हातात घेऊन, त्यावर पाणी टाकून पाहिल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली, ती अशाच नापीक, मुरमाड, खडकाळ जमिनीवर. दुष्काळ, क्षार, उष्णता यांना पीक कसे तोंड देते हे तपासणारी देशपातळीवरची संस्था या तालुक्यात आहे, हे इथल्या भूगोलाला शोभणारे आहे.

आता उजनी. या लेखातला माझा सगळा जीव खरे तर इथे आहे.

धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात; पण पाण्याचा मोठा पसारा इंदापूरच्या उत्तर सीमेवर, भिगवण, पळसदेव, कालठण अशा गावांच्या उशाला. १९८० साली धरण झाले. एकूण क्षमता ११७ टीएमसीहून थोडी जास्त. त्यात उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृत साठा ६३.६६. भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३. या दोन आकड्यांकडे नीट बघा. फरक फक्त ५.८ मीटरचा, तीन माणसे आणि वर थोडे. एवढ्याशा उंचीत साडेत्रेपन्न टीएमसी पाणी मावते, म्हणजे पसारा सरासरी दोनशे साठ चौरस किलोमीटरच्या घरात. उजनी खोल नाही, पसरट आहे. परातीत पाणी ओतावे तशी.

परातीत गाळ साठला तर काय होईल, याचा हिशेब घरी करता येतो. या सगळ्या पसाऱ्यावर सरासरी एक फूट गाळ बसला तर उपयुक्त साठ्यातले सुमारे पावणेतीन टीएमसी पाणी गेले. खडकवासल्याचा सगळा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. एक फूट गाळात खडकवासल्याहून मोठे धरण नाहीसे होते.

गाळ प्रत्यक्ष मोजायचा कसा? पारंपरिक रीत म्हणजे नाव घेऊन जायचे, ध्वनिलहरी तळाशी सोडायच्या आणि खोली टिपत जायचे. ते अचूक, पण एवढ्या पाण्यावर महिनोन्‌महिने चालणारे आणि खर्चाचे. उपग्रहाची रीत वेगळी आहे आणि तिच्यातली साधेपणाची चलाखी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी खरोखर खूश झालो होतो. उपग्रहाला पाण्याखालचे दिसत नाही. अवरक्त प्रकाश पाणी गिळून टाकते, म्हणून चित्रात पाणी काळे आणि जमीन उजळ. त्याला दिसते ती फक्त पाण्याची कड. पण धरण दिवाळीत भरलेले असते आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते. प्रत्येक तारखेला पाणी कोणत्या पातळीला होते हे धरणावरच्या नोंदवहीत असते. म्हणजे पाणी स्वतःच एकामागून एक समोच्च रेषा काढत खाली येते आणि उपग्रह दर काही दिवसांनी त्यांचे फोटो घेतो. अमुक पातळीला इतका पसारा, तिच्याखालच्या पातळीला तितका. लहान-मोठ्या भाकरींची चवड असावी तसे थरावर थर. दोन थरांमधले घनफळ काढायचे, सगळे मिळवायचे आणि धरण बांधताना केलेल्या मोजणीशी ताडून पाहायचे. त्याच पातळीला पसारा पूर्वीपेक्षा कमी भरला, तर जेवढा कमी तेवढी जागा गाळाने घेतली. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, मेरी, राज्यातल्या धरणांसाठी हे काम करत आली आहे.

या रीतीची मर्यादा म्हणजे पाणी जितके उतरेल तितकेच दिसते. मृत साठ्याच्या पातळीखालचा गाळ बहुतेक धरणांत झाकलेलाच राहतो. उजनी मात्र मृत साठ्यातही उतरते. सोलापूर-इंदापूरकडे त्याला सरळ शब्द आहे: उजनी मायनसमध्ये गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे मृत साठ्यातलेही अर्धे पाणी संपलेले. ज्या उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या मोटारीला पाण्यापर्यंत पोचायला पाइपावर पाइप जोडावे लागतात, त्याच उन्हाळ्यात अभ्यासकाला धरणाचा तळ सगळ्यांत खोलवर दिसतो. हा आनंद कडू आहे.

आणि तेव्हाही चित्र सरळ वाचता येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि भीमा इथवर आणतात. त्यावर जलपर्णी माजते. जलपर्णी हिरवी, म्हणून अवरक्तात उजळ. संगणक तिला जमीन समजतो आणि पाण्याचा पसारा कमी भरतो. जिथे जलपर्णी आहे तिथे गाळ नसताना गाळ दिसेल. उलट, ओला चिखल काळसर दिसतो आणि पाण्यात मोजला जातो. काठ एवढा उतरता की एकाच चौकटीत अर्धे पाणी अर्धा चिखल; लँडसॅटची चौकट तीस मीटरची, सेंटिनेलची दहाची, आपल्या लिस-४ ची सहा मीटरच्या आत. चौकट लहान झाली की कड स्पष्ट होते, शंका मिटत नाही. त्यात गाळपेर. पाणी हटले की धरणग्रस्त त्या उघड्या जमिनीत पेरतात. ओलीवर पीक येते. चित्रात पाण्याच्या कडेने लाल ठिपके उगवतात. ती जलपर्णी की मका, हे ओळखायला तारखांची साखळी लागते: मका पेरला जातो, वाढतो, कापला जातो; जलपर्णी वाऱ्याबरोबर जागा बदलते.

गाळ सगळा वाईट नाही, हे भिगवणला गेले की दिसते. कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, शेकड्यांनी. माना उलट्या करून ते चिखलातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. त्यांना गुडघाभर पाणी आणि खाली मऊ चिखल हवा. भीमा पहिल्यासारखी कातळ-वाळूची वाहती नदी असती तर ते इथे थांबले नसते. नावेतून फ्लेमिंगो दाखवणारी भिगवणची पोरे, एका अर्थी, गाळावर जगतात. धरणात गेलेल्या जमिनींच्या मातीवर.

माती येते कुठून? उजनीच्या वरचे पाणलोट क्षेत्र पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या जवळ जाते. पण त्यात खडकवासला, पवना, चासकमान, भामा-आसखेड, घोड अशी धरणे आधीच उभी आहेत आणि सह्याद्रीच्या उतारावरचा गाळ ती बऱ्याच प्रमाणात अडवतात. उजनीत येतो तो जास्त करून त्या धरणांच्या खालचा: पठारावरच्या शेतांचा, ओढ्यांच्या काठांचा, आणि वाढत्या शहरांच्या उकरलेल्या जमिनीचा. इथे उपग्रहाचा दुसरा उपयोग आहे. पावसाच्या पहिल्या झोडीनंतरचे, ढग फाटल्याबरोबरचे चित्र मिळाले तर गढूळ पाणी तपकिरी जिभेसारखे जलाशयात शिरताना दिसते. कोणत्या ओढ्याची जीभ किती गडद, त्यावरून कोणते पाणलोट उघडे पडले आहे ते कळते. पाण्याची कड पाहायला मात्र ढग फाटायची वाट पाहावी लागत नाही. ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडारचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, भारत आणि अमेरिका यांचा मिळून. तो दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहतो. रडारला गढूळपणा दिसत नाही, पण पाण्याची कड दिसते, ओल दिसते, जमीन किती खचली-उचलली तेही दिसते. पावसाळ्यात उजनी भरत असतानाचा पसारा, जो साध्या कॅमेऱ्याला ढगांनी झाकलेला असतो, रडारने पाहता येतो.

गाळ काढा, असे म्हणणे सोपे असते. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे आणि लहान तलावांत ती चांगली चालते. शेतकरी स्वतः ट्रॉली आणून माळावर माती पसरतो, म्हणजे माळावरून गेलेली माती माळावर परत जाते. मला यात मोठे समाधान वाटते. पण उजनीच्या मापाचा हिशेब शेतकऱ्याच्याच एककात करून पाहा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. म्हणजे एक टीएमसी गाळ म्हणजे एक कोटी ब्रास. पाच ब्रासचा हायवा धरला तर वीस लाख खेपा. एवढा गाळ टाकायचा कुठे, डिझेल किती, रस्ते कुठले? वाळू मात्र लोक काढतात, कारण तिला भाव आहे. बोटी लावून रात्रीचा उपसा चालतो, महसूलवाले बोटी फोडतात, पुन्हा येतात. वाळू जाते, चिखल राहतो.

उपग्रहांच्या साठ्यात एक जुनी खिडकीही आहे. लँडसॅटचा पहिला उपग्रह १९७२ ला गेला; उजनीचे पाणी अडले १९८० ला. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, अमेरिकेच्या हेरगिरीच्या कोरोना उपग्रहांनी फिल्मवर फोटो काढले, फिल्मची डबी आकाशातून पॅराशूटने सोडून विमानाने झेलली आणि १९९५ मध्ये ते फोटो खुले केले. या चित्रांच्या काळात भीमा होती तशी होती: पांढऱ्या वाळूची वळणे, काठाने मळे, मळ्यांत गावे. आजच्या चित्रावर जुने ठेवले की जलाशयाच्या निळ्याखालून नदी दिसते. ज्यांची घरे गेली त्यांना ही चित्रे छापून द्यायला हवीत, असे मला मनापासून वाटते. मोबदल्याचे कागद त्यांच्याकडे आहेत. गावाचे चित्र कुणी दिलेले नाही.

पाणी फार उतरले की पळसदेवला पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते. चिखलातून शिखर, मग खांब, मग चौथरा. आसपासच्या गावांतून लोक पाहायला येतात. म्हातारी माणसे हात करून दाखवतात, इकडे पेठ, तिकडे पाणंद. मी तिथे उभा राहिलो तेव्हा माझे लक्ष देवळाकडून पुन्हा पुन्हा पायांकडे जात होते. गाळ वाळून फुटलेला होता, ताटाएवढ्या खापऱ्यांत. एक खापरी उचलली की तिच्या कडेला थर दिसतात, बारीक जाड, गडद फिकट. पुराचा जाडा, संथ पाण्याचा बारीक. हे मोरगावच्या काठासारखेच आहे. फक्त तिथे राख आहे आणि इथे मध्येच प्लॅस्टिकच्या पिशवीची कड.

राखेचे वय अजून वादात आहे. काचेच्या किरचांची रासायनिक बनावट तपासणारे शास्त्रज्ञ म्हणतात, भारतातली ही सगळी राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या स्फोटाची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००७ या काळात मोरगावला उत्खनन केले. आदिमानवाची अश्युलियन धाटणीची दगडी हत्यारे मिळाली, फार जुन्या वळणाची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय अभ्यासात इथल्या गाळातल्या कणांनी पृथ्वीच्या चुंबकाची उलटी दिशा दाखवली, आणि पृथ्वीचे चुंबक शेवटचे पालटले त्याला पावणेआठ लाख वर्षे झाली. त्यांच्या मते राख टोबाच्या जुन्या स्फोटाची, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीची. फरक दहापटीचा आहे. पहिला पक्ष खरा असेल तर हे हातकुऱ्हाडींचे थर राखेहून किती जुने हे वेगळे शोधावे लागेल; दुसरा खरा असेल तर कवी मोरोपंतांच्या, वारकऱ्यांच्या या कऱ्हेकाठी माणूस, किंवा माणसाचा पूर्वज, आठ लाख वर्षांपूर्वी दगड घडवत बसला होता. माझा कल सांगण्याइतका मी यातला जाणकार नाही. पण हा वाद मिटेल तो याच काठात, थरांच्या माथ्या-पायथ्याला कुदळ लावून.

आणि काठ संपत चालले आहेत. हेही उपग्रहानेच दाखवले. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या चित्रांत नदीकाठच्या ओघळींची, घळींची जाळी पानाच्या शिरांसारखी दिसते. आजच्या चित्रात त्या जागी सरळ बांधांची चौकोनी शेते आहेत. जेसीबीने ओघळी बुजवल्या, काठ उतरते केले, आत ठिबक टाकले. ज्याने केले त्याला दोष कसा द्यावा, त्याने पडीकातून शेत काढले. निळ्या-काळ्या कागदाची शेततळी चित्रात काचेच्या तुकड्यांसारखी चमकतात. दर वर्षी वाढतात. भूरूपे घडवण्याचे काम आता कऱ्हा-नीरेपेक्षा यंत्रे जास्त वेगाने करत आहेत. पण मोरगावच्या एखाद-दोन ठिकाणचा पन्नास-शंभर मीटर काठ मोजून, खुणा घालून, ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून राखून ठेवावा. जागा एवढीच लागते. अष्टविनायकाला येणाऱ्या शाळांच्या सहली तिथवर दहा मिनिटांत चालत जाऊ शकतील.

उजनीचे काम त्याहून सोपे आहे आणि त्याला परवानगीचा मोठा कागद लागणार नाही. पुढच्या वेळी ती मायनसमध्ये जाईल तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवरून गाळ सर्वांत जाड बसलेली जागा काढावी. तिथे एक उभा चर खणावा, जुन्या काळ्या शेतजमिनीला लागेपर्यंत. तिथून वर थर मोजत यावे, १९८० पासून. पुराची वर्षे जाड असतील, दुष्काळाची पातळ. धरणाच्या नोंदवहीत त्या वर्षांचे पाणी लिहिलेले आहेच, ताडून पाहता येईल. पावसाच्या आधीचे दोन आठवडे पुरतील. मग पाणी येईल आणि चर बुजेल.